टस्कनीच्या पांढऱ्या वाटा

इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना नगराच्या आग्नेयेस, चिकणमातीच्या उघड्या टेकड्यांचा जो विस्तीर्ण मुलूख पसरला आहे, त्यातून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांना तेथील लोक 'स्त्रादे बियांके' म्हणजे पांढऱ्या वाटा म्हणतात. चुनखडीची बारीक खडी दाबून केलेल्या या वाटा उन्हाळ्यात फुफाट्याने झाकोळतात, पावसाळी दिवसांत चिकट होतात आणि ऐन चढणीवर मागच्या चाकाखालून निसटू पाहतात. तरीही त्या मुलखाची खरी ओळख व्हावयाची असेल तर ती याच वाटांनी आणि तीही पायगाडीवरून होते, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण भूगोलात आहे. व्होल्तेर्रा, मोन्ताल्चिनो, मोन्तेपुल्चानो, कोर्तोना, सान जिमिन्यानो ही सारी नगरे टेकड्यांच्या माथ्यांवर वसलेली आहेत. त्यांतील कित्येकांचा पाया रोमन साम्राज्याच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी घातला. खालच्या सखल भागात हिवताप आणि शत्रू या दोहोंचेही भय असल्याने माणसांनी उंची धरली, तटबंदी उभारली आणि वेशींवर जकातीचे नाके बसवले. वाटाही साहजिकच डोंगरसोंडांच्या माथ्यांवरून गेल्या. इ. स. ९९० मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या सुमारे ८० मुक्कामांची जी टिपणी राहिली तीत सिएनाचेही नाव आहे. उत्तरेकडून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा हा 'व्हिया फ्रांचिजेना' मार्ग नगरांना श्रीमंत करीत शतकानुशतके वाहत राहिला.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि या नगरांचे दैव फिरले. आगगाडीला चढण मानवत नाही. तिने दऱ्यांचा आश्रय घेतला आणि स्थानके नगरांच्या पायथ्याशी, कधी कधी कोसभर दूर, बांधली गेली. ज्या वेशीतून राजदूत आणि कार्डिनल यांची स्वारी जात असे, तिच्यापाशी आता फक्त बैलगाड्या येऊ लागल्या. परदेशी प्रवासी फ्लॉरेन्सहून रोमला एका दिवसात पोहोचू लागला, आणि मधला सारा देश त्याला खिडकीतून ओझरता दिसू लागला. हे नुकसान ज्यांना प्रथम जाणवले त्यांत जोसेफ आणि एलिझाबेथ पेनेल या अमेरिकन दांपत्याची गणना केली पाहिजे. पती चित्रकार, पत्नी लेखिका. दोघांनी १८८४ च्या शरद ऋतूत दोन आसनांच्या हंबर त्रिचाकीवर बसून फ्लॉरेन्सहून रोमचा प्रवास केला. जुन्या यात्रेकरूंच्या मार्गानेच आपण निघालो आहोत, ही जाणीव त्यांना पुरेपूर होती, आणि पुढे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातही त्यांनी स्वतःला यात्रेकरूच म्हणवले. सिएना, मोन्तेपुल्चानो, पेरुजा, असिसी असे चढत-उतरत ते रोमला पोहोचले, आणि तेथे कोर्सो या राजमार्गावर भरधाव वाहन हाकल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला. स्त्रीने असे वाहन चालवावे हेच ज्या काळात अघटित वाटत होते, त्या काळात एलिझाबेथबाईंनी अपेनाइन प्रदेशाच्या चढणी पायांच्या बळावर चढून दाखवल्या, याची नोंद प्रवासवर्णनांच्या इतिहासात अधिक ठळक व्हावयास हवी होती.

परंतु परक्यांनी पाहिलेला देश आणि देशवासीयांनी पाहिलेला देश यांत अंतर असते. इटलीचे राज्य १८६१ साली एक झाले. तथापि मिलानचा व्यापारी कालाब्रियाला आणि पालेर्मोचा वकील पिडमाँटला जवळजवळ परदेशच समजत असे. ही सरहद्द मनातून पुसण्याचे काम पायगाडीने किती केले, याचा पुरावा एका संस्थेच्या दफ्तरात सापडतो. ८ नोव्हेंबर १८९४ रोजी मिलान येथे ५७ सायकलस्वारांनी एकत्र येऊन 'तूरिंग क्लब चिक्लिस्तिको इतालियानो' ही संस्था स्थापन केली. तिच्या धुरीणांपैकी लुइजी व्हित्तोरियो बेर्तारेल्ली हा विद्यापीठाचा पंडित नव्हता. व्यवसायाने व्यापारी आणि वृत्तीने भूगोलाचा निष्ठावान उपासक अशा या गृहस्थाने १८९७ साली रेज्जो कालाब्रियापासून एबोलीपर्यंतचा, दक्षिणेतील अत्यंत दरिद्री आणि दुर्गम मुलूख सायकलवरून पालथा घातला. पुढे अर्धशतकाने कार्लो लेव्ही याच्या प्रसिद्ध ग्रंथाने एबोली हे नाव जगाला परिचित केले. त्या गावाच्या पलीकडचा प्रदेश मिलानच्या एका सायकलस्वाराने त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून टिपून ठेवला होता.

आपल्या प्रवासाचा लाभ इतरांना व्हावा म्हणून या मंडळींनी जे केले ते खरोखर थक्क करणारे आहे. कोणता उतार धोक्याचा, कोणत्या फाट्यावरून कोणते गाव लागते, हे सांगणाऱ्या पाट्या त्यांनी सभासदांच्या वर्गणीतून रस्तोरस्ती बसवल्या; जे काम सरकारी बांधकाम खात्याचे, ते हौशी माणसांनी अंगावर घेतले. १९०६ पासून त्यांनी १ : २,५०,००० या प्रमाणावरील संपूर्ण इटलीचा नकाशा ५८ भागांत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि १९१४ पासून प्रत्येक प्रांताची सविस्तर मार्गदर्शिका काढली, तिच्या लाल बांधणीवरून ती मालिका आजही ओळखली जाते. १९०० साली संस्थेने आपल्या नावातील सायकलदर्शक शब्द गाळला, कारण मोटारगाडी आली होती. पण मोटारवाल्यांच्या हाती जे नकाशे आणि ज्या पाट्या पडल्या त्यांमागे सायकलस्वारांचे कष्ट होते, हे विसरता येत नाही.

सायकलच्या स्वातंत्र्याची धास्ती अंमलदारांनाही वाटली. मे १८९८ मध्ये पावाच्या महागाईवरून मिलानमध्ये दंगल उसळली, जनरल बाव्हा बेक्कारिस याने जमावावर तोफा डागल्या, आणि लष्करी अंमल पुकारून जी फर्माने काढली त्यांत त्या प्रांतात सायकली फिरवण्यास मनाई करणारे एक फर्मान होते. याच्या आदल्याच वर्षी, १८९७ च्या उन्हाळ्यात, रोमान्याचा कादंबरीकार आल्फ्रेदो ओरियानी वयाच्या ४५ व्या वर्षी एकटाच सायकलवर बसून अपेनाइन ओलांडून टस्कनीत उतरला होता. 'ला बिचिक्लेत्ता' या १९०२ सालच्या पुस्तकात त्याने त्या प्रवासाचे जे वर्णन समाविष्ट केले, ते इटालियन गद्यात या वाहनाला मिळालेले पहिले मोठे स्थान म्हणता येईल.

शर्यतींचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. २ फेब्रुवारी १८७० रोजी फ्लॉरेन्स ते पिस्तोया ही ३३ कि.मी.ची शर्यत झाली, आणि १३ मे १९०९ रोजी मिलानहून १२७ स्वार पहिल्या 'जिरो द'इतालिया'साठी निघाले. परतले ४९, आणि जिंकला लुइजी गान्ना नावाचा गवंडी, एवढे सांगून पुढे जातो. आपल्या वाचकांना एका गोष्टीची मात्र आठवण द्यावीशी वाटते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून जे पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले; त्यांच्या मार्गात इटलीही होती.

आणि मग युद्धाचे दिवस. फ्लॉरेन्सजवळच्या पोन्ते आ एमा या गावी १९१४ साली जन्मलेल्या जिनो बार्ताली याने १९३८ ची फ्रान्सची महाशर्यत जिंकली होती. १९४३ च्या शरद ऋतूत उत्तर आणि मध्य इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात गेली आणि यहुदी कुटुंबांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी त्यांना लपवण्याची गुप्त व्यवस्था उभी केली. असिसीत लुइजी ब्रित्सी नावाचा छापखानेवाला खोटे ओळखदाखले छापीत असे. त्या दाखल्यांची कागदपत्रे सायकलच्या पोकळ नळ्यांत दडवून, सरावाच्या निमित्ताने दीर्घ पल्ला मारीत बार्तालीने ती इकडून तिकडे पोहोचवली, असे सांगितले जाते. नाक्यावरचा शिपाई विजेत्याला ओळखी आणि त्याच्या सायकलला हात लावण्याचे टाळी. या हकिकतीच्या काही तपशिलांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्वतः बार्ताली आयुष्यभर या विषयावर जवळजवळ मुकाच राहिला. तो २००० साली निवर्तला, आणि जेरुसलेमच्या याद व्हाशेम या स्मारकसंस्थेने त्याचा सन्मान केला तो २०१३ साली. ज्या वाटांवर यात्रेकरू चालले, ज्यांवर पेनेल दांपत्य घामाघूम झाले, त्याच मुलखातून त्या हिवाळ्यात माणसांचे प्राण कागदाच्या रूपाने जात होते, हा विचार असिसीचा चढ चढताना मनातून जात नाही.

पांढऱ्या वाटा मात्र वेगळ्याच कारणाने वाचल्या. टस्कनीची शेती शतकानुशतके 'मेद्झाद्रिया' म्हणजे अर्धेलीच्या वहिवाटीने कसली जाई: जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. प्रत्येक कुळाचे घर त्याच्या शेतातच असल्याने घराघराला जोडणाऱ्या कच्च्या वाटांचे जाळे पसरले. महायुद्धानंतर कुळे शहरांकडे निघून गेली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, आणि ज्या वाटांवर रहदारीच उरली नाही त्यांवर डांबर घालण्याची निकड कोणाला भासली नाही. पुढे ती भासू लागली, तेव्हा १९९७ साली कियांतीतील गायोले या गावाहून जानकार्लो ब्रोच्ची याच्या पुढाकाराने ९२ स्वार जुन्या सायकली घेऊन त्या वाटांवर उतरले. 'लेरोइका' या त्यांच्या फेरीचा हेतूच मुळी या वाटांना डांबरापासून वाचवण्याचा होता. पुढे त्या फेरीत १९८७ पूर्वीच्या बांधणीच्याच सायकलींना प्रवेश देण्याचा नेम ठरला, आणि २००७ पासून व्यावसायिक स्वारांची एक शर्यतही याच वाटांवरून धावून सिएनाच्या प्याझ्झा देल कांपो या चौकात संपू लागली. गायोलेतून निघून गायोलेतच परतणारा, २०० कि.मी.हून लांब असा तो मार्ग आता वर्षभर खुला असतो, आणि बेर्तारेल्लीच्या काळाप्रमाणेच त्याच्या फाट्यांवर सायकलस्वारांसाठी पाट्या लावलेल्या आहेत.