अळणी भाजी आणि नवं धोतर : ‘श्यामची आई’मधलं नवरा-बायकोचं प्रेम



नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह आपल्यातल्या बऱ्याच जणींनी बाहेरून पाहिलेलं असेल. आपल्या घराघरांत पोचलेलं ‘श्यामची आई’ हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं, हे मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या अनेकींना ठाऊक नसतं. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले होते. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच तिथं उतरवून घेतली. पुढे त्यांना नाशिकला आणलं. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार, या दिवशी त्यांनी लिहायला घेतलं आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे हात थांबवला. दिवसभर तुरुंगातलं काम करायचं आणि रात्री, पहाटे लिहायचं. असे पाच दिवस. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

पुस्तकाची बांधणीही आपल्या ओळखीची आहे. श्याम रोज रात्री मित्रांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. म्हणून त्यातल्या प्रकरणांना ‘रात्री’ म्हटलंय, ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा. एक सांगतो आणि बाकीचे ऐकतात, आपल्या रेडिओसारखंच. त्यामुळे हे पुस्तक मनात वाचण्यापेक्षा मोठ्यानं वाचलेलं जास्त गोड लागतं, असा आमचा अनुभव आहे.

आता आजचा विषय. ‘श्यामची आई’ म्हटलं की आई आणि मुलगा एवढंच आपल्याला आठवतं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं सांगणारी आई. पोहायला न जाणाऱ्या श्यामला शिंपटीनं मारणारी आणि मग जेवताना त्याला दही वाढणारी आई. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी चित्रपट काढला, वनमालाबाई त्यात आई झाल्या, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळालं. तेव्हापासून तर ही आई सगळ्या महाराष्ट्राचीच झाली. पण त्या घरात आणखी एक नातं होतं. यशोदाबाई आणि सदाशिवराव, हे नवरा-बायको. त्यांच्यातल्या प्रेमाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आज आम्ही तेच बोलणार आहोत.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. कोकणातलं पालगड गाव, एकत्र कुटुंब. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत त्याच्याशी बोलायचं नाही. मग माया दाखवायची कशी? या पुस्तकात ती वस्तूंतून दिसते, कामांतून दिसते, आणि पुष्कळदा पोराच्या हातून पोचते.

पहिलीच रात्र घ्या. वटसावित्रीचं व्रत आलंय. आईच्या अंगात हिवतापानं त्राण उरलेलं नाही, वडाला १०८ फेरे घालायला गेली तर भोवळ येते. ती श्यामला म्हणते, माझ्या वतीनं तू फेरे घाल. बायकांच्या घोळक्यात मुलगा वडाभोवती फिरणार म्हणजे हसू होणारच, तो लाजतो. देवाचं काम करायला कसली लाज, लाज वाईट कामाची वाटावी, असं आई त्याला समजावते, आणि तो जातो. आपण या गोष्टीतून मुलाची मातृभक्ती तेवढी उचलतो. पण ते फेरे कुणासाठी होते? आजारी बाई आपल्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी धडपडत होती, आणि तिच्याऐवजी त्यांचा मुलगा फिरला. तिच्या आयुष्यासाठी कुणी कुठल्या झाडाला फेरे घातले, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

पण सदाशिवरावांकडून काहीच आलं नाही, असं नाही. अळणी भाजीची गोष्ट आठवते ना? आई भाजीत मीठ घालायला विसरली. वडील पानावर बसले, पहिल्या घासालाच त्यांना कळलं, पण ते काही बोलले नाहीत. उलट भाजीची तारीफ करत जेवले. वडील बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलली नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायला बसली, तेव्हा तिला उमगलं. मला सांगितलं का नाही, म्हणून ती हळहळली. भाजी इतक्या मायेनं केली होती, तिला वाईट वाटू नये, एवढंच वडिलांच्या मनात होतं.

आता सांगा, मीठ कमी पडलं तर आपल्या घरी काय होतं? आम्ही ताटं भिरकावलेली पाहिलीत. आणि हे शंभर वर्षांपूर्वीचे, खोताच्या घराण्यातले गृहस्थ! पुस्तकातलं प्रेमाचं प्रकरण दाखवा म्हटलं, तर आम्ही हेच दाखवू. अर्थात एक गोष्ट आम्हाला खटकतेच. आई सगळ्यांच्या मागून जेवली, म्हणून तिला सगळ्यात शेवटी कळलं.

दुसरी गोष्ट दिवाळीची. घरात ओढगस्त होती. वडिलांचं धोतर फाटलेलं, ठिकठिकाणी जोडलेलं. आईला भावाकडून भाऊबीजेचे पैसे आले. माहेरची ओवाळणी म्हणजे बाईचा हक्काचा पैसा, तिची स्वतःची लुगडीही काही धड नव्हती. तरी तिनं त्या पैशांतून वडिलांसाठी नवं धोतर आणवलं. आपल्या बचतगटातली पहिली उचल कुणाकुणाच्या कशावर गेली, ते जरा आठवा, म्हणजे या बाईला आपण ओळखतो की नाही ते कळेल.

ती नुसती सोसणारी होती, असं मात्र समजू नका. भाऊबंदकीत सदाशिवरावांना हात हलवत घराबाहेर पडावं लागलं. तेव्हा माहेरच्या आश्रयानं मिंधं राहायला तिनं नकार दिला. झोपडी चालेल पण आपली हवी, असा हट्ट धरला, आणि ती पर्णकुटी उभी राहिली. पुढे कर्ज वाढलं. सावकाराचा माणूस ओटीवर बसून सदाशिवरावांना टाकून बोलू लागला, बायको विकून पैसे दे, इथवर त्याची मजल गेली. तेव्हा चार भिंतींआड राहणारी ही बाई बाहेर आली आणि त्याला चालतं व्हायला सांगितलं. नवऱ्याचा अपमान तिनं आपला मानला. हेही प्रेमच, फक्त ते हळुवार नव्हतं.

या प्रेमाच्या शाळेत मुलंही शिकली. सुट्टीत घरी आलेला श्याम आजारी आईला घरकामात हात देतो. ज्या रात्री हे सांगितलंय, तिचं नाव ‘अर्धनारी नटेश्वर’ आहे. पुरुषानं बाईची कामं शिकावीत, हे गुरुजींनी १९३३ मध्ये लिहून ठेवलंय. दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून त्यानं धाकट्या भावाला कोट शिवून नेला. आईनं आधी चौकशी केली, पैसे कुठून आणलेस? मग तिचे डोळे भरून आले.

एक खटकणारी गोष्टही सांगतो, कारण ती लपवणं बरं नाही. डोक्यावर मोळी न पेलवणाऱ्या म्हाताऱ्या दलित बाईला मदत करायला आई श्यामला पाठवते. लोक काही म्हणाले तर मी घरी जाऊन आंघोळ करणार आहे असं सांग, असंही शिकवते. तिची माया खरी, आणि तिच्या काळाचं कुंपणही खरं. हे पुस्तक लिहिलं जात होतं तेव्हा याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह चालू होता. १९३० मध्ये सुरू झालेला तो लढा १९३५ पर्यंत चालला. गुरुजी आईच्या त्या कुंपणाबाहेर गेले. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं.

कर्जानं शेवटी त्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणली, आणि आजारानं आई खंगत गेली. २ नोव्हेंबर १९१७ रोजी ती गेली, तेव्हा श्याम शिकायला पुण्याला होता. घरी पोचला तेव्हा उशीर झाला होता. जिला शेवटचं भेटता आलं नाही, ती आई त्यानं नाशिकच्या कोठडीत पाच दिवसांत कागदावर उतरवली, आणि तिच्यासोबत नकळत आपल्या आईवडिलांचा संसारही.

पुढच्या बैठकीत पुस्तक घेऊन या. अळणी भाजीची रात्र मोठ्यानं वाचू. आणि जमलं तर घरच्या पुरुषमंडळींनाही ऐकायला बसवा.