आईची मांडी आणि विमानाचा पट्टा

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत नांदेड-लातुराकडील रानांतून जाणाऱ्यास एक देखावा अद्यापि पाहावयास मिळतो. बांधावरच्या बाभळीस जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते, तींत मूल निजलेलें असतें, आणि त्याची आई आपली पात पुरी करून परततांना झोळीस एक झोंका देऊन पुन्हां कामास लागते. या झोळीचा एक गुण असा, कीं ती मुलाच्या भारानेंच त्याच्या भोंवतीं आवळली जाते. मूल कितीहि वळवळलें तरी सहसा बाहेर पडत नाहीं. प्रवासांत मात्र झोळी मागें राहते आणि तिची जागा आईची मांडी घेते. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीहून फारसा अधिक नसतो. चाक खांचेंत आदळलें, तर आई मुलास उराशीं धरते, आणि तेवढें पुरतें. मांडीवरचें मूल सुरक्षित, ही समजूत या वेगाच्या अनुभवांतून जन्मास आली, आणि त्या अनुभवापुरती ती खरीच होती.

आगगाडीनेंहि या समजुतीस धक्का लावला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-हैदराबाद हा लोहमार्ग नांदेडावरून निजामाच्या मुलखांत गेला. १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरून धांवणारी छोटी गाडी लातुरास येऊन पोहोंचली. आगगाडीस वेग आहे खरा, पण ती हळूहळू थांबते. आणि हळूहळू थांबणाऱ्या वाहनांत मांडी दगा देत नाहीं. वाहन किती वेगानें जातें यापेक्षां तें किती अकस्मात् थांबतें, यावर आंतील मुलाचें भवितव्य अवलंबून असतें. हा धडा मोटारीनें आणि विमानानें शिकविला, आणि तोहि फार उशिरां.

विमानांत माणसास बांधून ठेवण्याची चाल मात्र बरीच जुनी आहे. १९१३ मध्यें पेगू नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें आकाशांत विमान उलटें करून दाखविलें, तेव्हां त्यानें पट्ट्यांनीं स्वतःस आसनाशीं जखडून घेतलें होतें. पुढें उतारूंची ने-आण करणारीं विमानें आलीं, तेव्हां उतारूसाठीं कमरेवरचा तेवढा पट्टा राहिला. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता, त्या संस्थानांत १९४५ मध्यें डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. बेगमपेठेहून तिचीं डकोटा विमानें उडत. १९५३ मध्यें ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. अशा विमानांतून जो पट्टा असे व आजहि असतो, तो प्रौढ माणसाच्या कटिप्रदेशाच्या मापाचा. प्रौढाच्या कमरेचें हाड त्या पट्ट्याचा ताण सोसतें. दीड वर्षाच्या मुलाचें तें हाड लहान व कोंवळें, डोकें शरीराच्या मानानें जड; त्याला तोच पट्टा लावला तर तो पोटावर चढतो आणि धड पुढें दुमडतें.

या अडचणीवर विमान-व्यवहारानें काढलेला तोडगा म्हणजे तीच जुनी मांडी. दोन वर्षें पुरीं न झालेल्या मुलास वेगळें आसन घ्यावयास नको, वडील माणसानें तें मांडीवर घ्यावें, असा नियम बहुतेक देशांत रूढ झाला. भारतांतहि तो आहे. दोन वर्षांचा हा आंकडा शरीरशास्त्रानें दिलेला दिसत नाहीं, पदार्थविज्ञानानें तर नाहींच. त्याचें नातें भाड्याच्या सवलतीशीं अधिक जवळचें आहे. विमानांतील चहाची किटली आणि उतारूची पिशवी उड्डाणाच्या वेळीं जागच्या जागीं अडकवून ठेविली पाहिजे, असा दंडक. मूल मात्र मोकळें चालतें! हा विरोध ज्यांच्या प्रथम लक्षांत आला, ते बहुधा विमानांत काम करणारे सेवकच असावेत.

येथें थोडा हिशेब करून पाहाण्यासारखा आहे. विमानांतील आसन किती धक्का सोसूं शकेल, याची अमेरिकेंतील जुनी कसोटी गुरुत्वाकर्षणाच्या ९ पट जोराची होती. १९८८ मध्यें नव्या जातीच्या विमानांसाठीं ती १६ पट करण्यांत आली. वर्षा-सव्वा वर्षाच्या मुलाचें वजन १० किलो धरलें, तर ९ पट जोराच्या धक्क्यांत तें आईच्या हातांस ९० किलो भासेल, १६ पट धक्क्यांत १६० किलो. म्हणजे धान्याच्या दीड पोत्याहून अधिक. तें तिनें क्षणार्धांत, बसल्या जागीं, पूर्वसूचनेवांचून पेलावयाचें. आणि तिचे स्वतःचे हातहि त्याच क्षणीं तितक्याच पटीनें जड झालेले असावयाचे. येथें मायेचा कांहीं संबंध उरत नाहीं.

हा हिशेब १९ जुलै १९८९ रोजीं प्रत्यक्षांत उतरला. डेन्व्हरहून शिकागोस निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटींतील इंजिनाचें एक चक्र फुटलें, आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या तिन्ही नियंत्रण-यंत्रणा एकदम निकामी झाल्या. कप्तान आल हेन्स व त्यांचे सहकारी यांनीं उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-अधिक करून विमान आयोवा प्रांतांतील सू सिटी येथें कसेंबसें आणलें. विमानांत २९६ माणसें होतीं, आणि चार मुलें मांडीवरचीं होतीं. जॅन ब्राऊन या मुख्य परिचारिकेनें तेव्हांच्या नियमावलीप्रमाणें त्या मुलांच्या पालकांस सांगितलें, कीं मूल पायांपाशीं जमिनीवर ठेवा व हातांनीं धरून राहा. दुसरें सांगण्यासारखें तिच्यापाशीं कांहींच नव्हतें. जमिनीवर आदळतांच विमान मोडून उलथलें. एक अकरा महिन्यांची मुलगी आईच्या हातून उडून सामानाच्या वरच्या कप्प्यांत जाऊन पडली. एका उतारूनें धुरांतून रडण्याचा आवाज ऐकून तिला बाहेर काढली व ती वांचली. दुसरें एक मूल, दोन वर्षांस थोडेच महिने कमी असलेलें, वांचलें नाहीं. एकंदर ११२ माणसें दगावलीं, १८४ जगलीं. त्यानंतर जॅन ब्राऊन यांनीं पुढचीं अनेक वर्षें एकच मागणें लावून धरलें, कीं प्रत्येक मुलास स्वतःचें आसन व स्वतःचा पट्टा असलाच पाहिजे.

अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें १९९० मध्यें हीच शिफारस केली. विमान-वाहतूक खात्यानें मात्र ती मानली नाहीं. खात्याचा युक्तिवाद वरवर पाहतां विचित्र, पण सर्वस्वीं पोकळ नव्हे. मुलासाठीं पुरें तिकीट घ्यावें लागलें, तर पुष्कळ कुटुंबें विमान सोडून मोटारीनें जातील. मोटारीचा रस्ता विमानाहून कितीतरी अधिक घातक. सबब विमानांत एखादें मूल वांचविण्याच्या प्रयत्नांत रस्त्यावर अधिक जीव जातील. १९९५ मध्यें खात्यानें कायदेमंडळास असा अहवाल दिला आणि २००५ मध्यें सक्ती न करण्याचा निर्णय पुन्हां कायम केला. लोकसंख्येचा विचार करणाऱ्यास हा हिशेब पटेल. परंतु तिकीट काढावयास बसलेल्या बापापुढें लोकसंख्या नसते, एक मूल असतें. आणि सक्ती नाहीं याचा अर्थ गरज नाहीं असा त्यानें करूं नये, हें त्या खात्यालाहि मान्य आहे. मुलासाठीं वेगळें आसन घ्या, असाच त्याचाहि उपदेश आहे.

तें बांधावें कशानें, याविषयींहि देशोदेशींचें एकमत नाहीं. ब्रिटनमध्यें व युरोपांत मांडीवरच्या मुलास एक लहान पट्टा बांधून तो वडील माणसाच्या पट्ट्यांत ओंवतात. भारतांतील विमान कंपन्याहि असा पट्टा देतात. हवेच्या खळग्यांत मूल छताकडे उसळूं नये, इतकें काम तो करतो. परंतु मोठ्या धक्क्यांत वडील माणसाचें धड पुढें दुमडतें, मूल मध्यें चेंगरतें, आणि पट्ट्याचा सारा ताण त्याच्या पोटावर येतो. याच कारणास्तव अमेरिकेंत उड्डाण व अवतरण यांच्या वेळीं त्यास बंदी आहे. याहून वाईट म्हणजे आई व मूल या दोघांस मिळून एकच पट्टा लावणें. तसें तर कोठेंच करूं नये.

२००६ मध्यें अमेरिकेंत केअर्स या नांवाचा हार्नेस मान्य झाला. लुईझ स्टोल या आजीबाईंनीं तो कल्पिला; त्या पूर्वीं तेथील वाहतूक खात्यांत मोठ्या अधिकारावर होत्या. एक पट्टा आसनाच्या पाठीभोंवतीं जातो, त्यांतून दोन पट्टे मुलाच्या खांद्यांवर येतात आणि विमानाच्या कमरपट्ट्यास मिळतात. भार अर्धा किलो, पिशवींत मावणारा. १० ते २० किलो वजनाच्या व सुमारें एक मीटरपर्यंत उंचीच्या मुलास तो चालतो. पण तो मोटारींत चालत नाहीं. आणि नांदेड-लातुराच्या कुटुंबास हीच अडचण सर्वांत मोठी आहे.

२७ एप्रिल २०१७ रोजीं उडान योजनेखालीं नांदेड-हैदराबाद ही विमानसेवा सुरू झाली. एटीआर-७२ जातीचें, दोन पंख्यांचें विमान. मोठ्या जेट विमानांपेक्षां खालून उडणारें, त्यामुळें पावसाळी ढगांशीं त्याची गांठ अधिक. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमृतसर व नांदेड हीं शिखांचीं तीर्थक्षेत्रें विमानानें जोडलीं गेलीं, आणि लेंकुरवाळे यात्रेकरू हवाई मार्गानें हुजूर साहिबाच्या दर्शनास येऊं लागले. ती हैदराबादची सेवा चालविणारी कंपनी २०२२ मध्यें थांबली. लातुराचा विमानतळ १९९१ मध्यें बांधला गेला खरा. तथापि तेथील माणसाच्या विमानप्रवासाचा आरंभ बहुधा मोटारींतच होतो, मग तो नांदेडापर्यंत असो कीं हैदराबादेपर्यंत. अर्थात् दोन तासांच्या विमानाआधीं तीन-पांच तासांचा रस्ता. आणि अमेरिकन खात्याच्या हिशेबांतला अधिक घातक भाग तो हाच. गांवांतल्या गांवांत तर मूल फटफटीच्या टाकीवर बसलेलें असतें. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलास फटफटीवर हार्नेस व शिरस्त्राण हवें आणि वेग ताशी ४० किलोमीटरांहून अधिक नको, हा भारत सरकारचा नियम १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध झाला. मोटारींत चवदा वर्षांखालील मूल पट्ट्यावांचून अथवा योग्य आसनावांचून नेल्यास एक हजार रुपये दंड, हें २०१९ च्या दुरुस्तीनें आधींच ठरलें होतें.

म्हणून येथील गृहस्थानें निवड करावयाची तर विमानापुरत्या हार्नेसपेक्षां दोन्हीं ठिकाणीं चालणारी कार-सीट बरी. ती जड, काखोटीस मारून नेणें कष्टाचें, हें खरें. अमेरिकन आसनांवर मोटार व विमान या दोहोंसाठीं प्रमाणित असल्याचीं तांबडीं अक्षरें असतात. विमानासाठीं त्यांची एक जादा परीक्षा होते, ती म्हणजे आसन मुलाच्या आकाराच्या बाहुल्यासह उलटें करून पाहाणें. पेगूची आठवण व्हावी अशीच ती आहे. इतर देशांच्या छापाचें आसन असल्यास तिकीट काढण्यापूर्वींच कंपनीस विचारावें. रुंदी ४० सेंटिमीटरांच्या आंत असावी, नाहीं तर तें हाताच्या दांड्यांमध्यें बसत नाहीं. साधारण ९ किलोंपर्यंतच्या मुलाचें तोंड मागच्या बाजूस, पुढें १८ किलोंपर्यंत समोर. पाठ नसलेलें, केवळ उंची वाढविणारें आसन विमानांत निरुपयोगी, कारण तेथें खांद्यावरचा पट्टा नसतो. आसन खिडकीशीं लावावें, म्हणजे इतरांची वाट अडत नाहीं. संकटकालच्या दाराच्या रांगेंत तर मुळींच नको.

दुसरें तिकीट ज्यांस परवडत नाहीं, त्यांनींहि आसन घरीं ठेवूं नये. गर्दी नसलेल्या वेळेचें विमान पाहावें, आणि खिडकीवर पोहोंचतांच शेजारची जागा मोकळी राहिली आहे काय, हें विचारावें. राहिली असली आणि कंपनीनें अनुमति दिली, तर आसन तेथें लागतें. नसली, तर तें सामानांत द्यावें. उतरल्यावर पुढच्या भाड्याच्या मोटारींत तें लागणारच आहे.