साखळी कुठली घ्यायची?

महालातलं आमचं पणजोबांच्या वेळचं घर अखेर पाडलं. चुना, माती, कौलं सगळं ट्रकमध्ये भरून गेलं आणि मागे राहिल्या दोन सागवानी तुळया, प्रत्येकी अकरा फुटी. धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं, भंगारात देऊन मोकळं व्हायचं. मला ते काही पटेना. याच तुळईच्या कडीला आम्हा दोघांचे पाळणे बांधलेले! शेवटी तह झाला. महिनाभरात फळ्या काढल्या तर माझ्या, नाहीतर ट्रक येणार.

मला वाटलं, नागपुरात काय अवघड आहे? लकडगंजात आरा मशीन काय कमी आहेत? पण तीन ठिकाणी एकच उत्तर मिळालं : जुनं लाकूड घेत नाही. आत एक खिळा निघाला की पट्टा गेला. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

मग एक चेनसॉवाला आणला. झाडं तोडणारा माणूस, हात तयार. पण पाचव्या मिनिटाला धूर निघायला लागला, आणि भुशाऐवजी पीठ पडायला लागलं. मशीन बंद करून तो म्हणाला, "भाऊ, हे लाकूड नोहे, लोखंड होय. याले दुसरी चेन पायजे." दुसरी म्हणजे कुठली, ते मात्र त्यालाही सांगता येईना. तिथून माझा अभ्यास सुरू झाला...

चेनसॉची साखळी मुळात लाकडासाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस एटकेन आणि जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळी वापरली. लाकडाकडे ती पुढे वळली. जर्मनीत आंद्रेआस श्टिलने १९२६ मध्ये विजेवर चालणारा चेनसॉ केला. पण तेव्हाच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखेच असत, लाकूड ओरबाडणारे. कापण्यापेक्षा कानस मारण्यातच वेळ जायचा.

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला झाडाच्या एका खुंटात भुंगेऱ्याची अळी दिसली. बोटाएवढी अळी, पण आडव्या-उभ्या कुठल्याही दिशेने लाकूड सहज पोखरत होती. तिचे जबडे इंग्रजी 'सी' अक्षरासारखे वळलेले, एक डावीकडे कापणारा, एक उजवीकडे. कॉक्सने तसेच दात पोलादात घडवले आणि १९४७ मध्ये साखळ्यांची कंपनी काढली. आजच्या साखळ्या बहुतेक त्याच अळीच्या वंशातल्या.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. सागाचा मोठेपणा कशात? त्याच्या गाभ्याला वाळवी-किडा सहसा लागत नाही! ज्या लाकडाच्या वाटेला किडा जात नाही, ते किड्याच्या जबड्याने कापायला निघालो होतो आम्ही. शिवाय सागाच्या अंगातच सिलिका असते, म्हणजे वाळूचाच पदार्थ. त्यात आमच्या तुळयांच्या भेगांत कित्येक वर्षांची माती आणि चुना. दात बोथट होणार नाहीत तर काय!

तर मंडळी, निष्कर्ष असा. चौकोनी, टोकदार कोपऱ्याचे दात (फुल चिझल) स्वच्छ, ओल्या लाकडात झपाट्याने चालतात, पण माती लागली की कोपरा लगेच मरतो. गोलसर कोपऱ्याचे (सेमी चिझल) जरा हळू कापतात, पण धार टिकवतात. कार्बाइड लावलेली साखळी मातीला भारी, पण महाग. खिळा लागला की तुकडा उडतो आणि धार लावायला हिऱ्याचं चाक लागतं. दुसरी गोष्ट कोनाची. नेहमीची साखळी आडव्या कापासाठी असते, तिच्या दातांचा कोन पंचवीस-तीस अंशांचा. फळ्या काढायच्या म्हणजे रेषांच्या दिशेने उभं चिरायचं, तिथे दहा अंशांच्या आसपासचा कोन लागतो. आम्ही सेमी चिझल घेतली, दहा अंशांवर घासून घेतली. त्याआधी दोन दिवस मी लोहचुंबक फिरवत बसलो. एकेचाळीस खिळे निघाले, बरेचसे लोहाराने घडवलेले, चौकोनी. प्रत्येक कापात पाऊण सेंटिमीटर लाकूड भुसा होऊन जातं, म्हणून कापही मोजकेच घेतले.

नागपूरला लाकडाचं कौतुक जुनंच. भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने भरलेला होता. १८६४ मध्ये तो जळाला. त्याआधी तीन वर्षं, १८६१ मध्ये, इंग्रजांनी मध्य प्रांत केला होता. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'. तो प्रांत कधीच इतिहासजमा झाला, पण 'सी.पी. टीक' हे नाव लाकूडबाजारात अजून चालतं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं तेव्हा मिरवणूक निघाली होती. नव्या लाकडाला मिरवणूक, आणि जुन्याला तराजू!

असो. नव्या साखळीने दोन दिवसांत फळ्या निघाल्या. मधे-मधे कानस मारावी लागली, पण धूर नाही. भुसा लांब, दोऱ्यासारखा, आणि वास असा की जणू झाड कालच तोडलंय.

शेवटची कड कापायच्या आधी तुळईची वरची बाजू नीट पाहिली. छताच्या मातीखाली ती कुणाला कधी दिसलीच नव्हती. तिच्यावर तासणीचे घाव होते, शेजारी-शेजारी, एकेक बोटभर रुंद. यंत्राआधीच्या कुणा सुताराचा हात. चेनसॉवाल्याने विचारलं, "साफ करू का?"

"नको," भाऊच म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता, मला कळलंच नाही.

ती फळी आता त्याच्याकडे आहे.