हिशेबाची विद्या आणि हिशेबाचा धर्म

व्यापारी समाजात पाढे हे मुलाचे पहिले धन मानले जात असे. या परंपरेची मुळे फार प्राचीन आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात जैन आचार्य महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाककला, संगीत, वैद्यक, वास्तुविद्या अशा सर्वच विषयांत गणिताचे महत्त्व त्यांनी सांगितले. त्रैराशिक, व्याज आणि सोन्याचा कस यांवरील उदाहरणे त्यात विपुल आहेत.

खान्देशातही या विद्येस आश्रय मिळाला. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास 1207 मध्ये दान दिले. तेथील शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत असून, बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठास दिल्याची नोंद त्यात आहे. पेठेच्या उत्पन्नातून गणिताचे अध्ययन चालावे, ही घटना व्यापाऱ्यांस भूषणावह आहे.

पुढे पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली जाई. साडेचार वार कापड साडेपाच आणे दराने घेतल्यास एक रुपया आठ आणे नऊ पै होतात, हे दुकानदार तोंडी सांगे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणेपद्धती आली, पुढे वाराची जागा मीटरने घेतली आणि ही पाठांतरे मागे पडली.

परंतु या इतिहासास दुसरी बाजूही आहे. शेटजींस येणारा हिशेब कुळास येत नसे. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतरच्या 1879 च्या कायद्याने ऋणकोस पावती व हिशेब देण्याचे बंधन घातले. नंदुरबारच्या परिसरातही आदिवासींच्या जमिनी कर्जापायी गेल्या. 1970 च्या दशकात शहादे भागात अंबरसिंग महाराजांच्या सहभागाने त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. वहीवर श्रीकार लिहिणाऱ्या व्यापारी समाजाने हे पानही मिटून ठेवू नये.

जैन श्रावकाचाराने याचा विचार पूर्वीच केला आहे. तत्त्वार्थसूत्रात खोटी वजने-मापे वापरणे व भेसळीचा व्यवहार करणे हे अचौर्य अणुव्रताचे अतिचार म्हटले आहेत. अर्थात तराजू हीसुद्धा व्रताचीच जागा होय. ज्याला मोजता येते, त्याची जबाबदारी अधिक.

1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. अक्राणी व अक्कलकुव्याच्या पाड्यांतील मुले आज शाळेत जातात. आठवडे बाजारात गिऱ्हाईक स्वतः बिलाची बेरीज तपासू लागेल, तेव्हा प्रामाणिक व्यापाऱ्याचे काहीच उणे होणार नाही; उलट त्याच्या सचोटीस साक्षीदार मिळेल. म्हणून आपल्या मुलांस गणित शिकवावेच, पण ते समोरच्याच्या मुलालाही यावे यासाठी आपले दान खर्ची पडावे. पाटणच्या शिलालेखाचा बोध हाच आहे.