हक्क की शिफारस? : बोखुमचा ठराव आणि कॅथलिक श्रमविचार

कारखान्यात राबणाऱ्यास त्याच्या कारभारात वाटा असावा काय, या प्रश्नाने कॅथलिक समाजचिंतनाला दीर्घकाळ अस्वस्थ केले. तेरावे पोप लिओ यांनी १८९१ च्या 'रेरम नोव्हारम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा व संघटनेचा हक्क मान्य केला; खासगी मालमत्तेचेही तितक्याच ठामपणे समर्थन केले. १९३१ मध्ये अकरावे पोप पायस यांनी 'क्वाड्राजेसिमो आन्नो'मध्ये वेतनकराराला शक्य तेथे भागीदारीची जोड द्यावी, असे सुचविले. ती शिफारस होती, आज्ञा नव्हे.

हक्क आणि शिफारस यांतील अंतर प्रकर्षाने उघड झाले ते युद्धोत्तर जर्मनीत. रूरच्या कोळसापट्ट्यातील बोखुम येथे १९४९ मध्ये भरलेल्या कॅथलिक मेळाव्याने ठराव केला की, सामाजिक, सेवकविषयक व आर्थिक निर्णयांतील सहभाग हा श्रमिकांचा ईश्वरी व्यवस्थेतील नैसर्गिक हक्क आहे. 'नैसर्गिक' या एका शब्दाने वाद पेटला. हक्क नैसर्गिक ठरला, तर तो मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. जून १९५० मध्ये बारावे पोप पायस यांनी बजावले की, वेतनकराराच्या किंवा उद्योगसंस्थेच्या स्वरूपातून असा हक्क अपरिहार्यपणे निष्पन्न होत नाही. त्यांचे जेझुइट सल्लागार गुस्टाव्ह गुंडलाख यांचा कल मालमत्तेच्या हक्काचे रक्षण करण्याकडे होता. 'क्वाड्राजेसिमो आन्नो'च्या मसुद्याचे प्रमुख शिल्पकार ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग हेही जेझुइटच. परंतु त्यांच्या मते पोपच्या वचनाने कायद्याची वाट बंद होत नव्हती. जे निसर्गाने दिलेले नाही, तेही समाजाला न्यायबुद्धीने देता येते.

ती वाट संपाच्या सावटाखाली खुली झाली. चान्सलर कोनराड आडेनाउअर व कामगारनेते हान्स ब्योक्लर यांच्यातील तडजोडीनंतर मे १९५१ च्या कायद्याने कोळसा-पोलाद उद्योगातील, हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांत श्रम व भांडवल यांना समसमान जागा दिल्या. इतर उद्योगांतील कामगारांच्या वाट्याला १९५२ मध्ये एकतृतीयांश जागाच आल्या.

पुढे रोमचाही स्वर पालटला. तेविसावे पोप जॉन यांनी १९६१ मध्ये कामगारांची सहभागाची आकांक्षा रास्त मानली. दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये भांडवलाहून श्रमाला अग्रक्रम दिला. तरीही मूळ पेच सुटला नाही. १९७६ च्या जर्मन कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांत जागा समान केल्या. बरोबरी झाल्यास निर्णायक मत मात्र भागधारकांच्या बाजूच्या अध्यक्षाकडे ठेवले. बोखुमच्या ठरावाला अभिप्रेत असलेला हक्क त्या एका मताइतका अपुरा राहिला.