द्राक्षाची पारख

तासगाव तालुका १९४९ पर्यंत साताऱ्यात होता, आज सांगलीत आहे. तिथल्या माणसाला पारख शिकवावी लागत नाही. सौद्यात तो बेदाण्याचा रंग पाहतो, दाणा दाबतो, एखादा तोंडात टाकतो. घरी वाइन पारखायची रीत याहून वेगळी ती काय? पेला उजेडात धरावा, वास घ्यावा, घोट जिभेवर घोळवावा. २००१ मध्ये राज्याने वाइनचे धोरण आखले; पलूसला वाइन पार्कही ठरले. पण आपले थॉमसन पडले खाण्याचे द्राक्ष! हिरवट, पातळ सालीचे, बिनबियांचे. तांबड्या वाइनला रंग सालीतून येतो, तुरटपणा साल-बियांतून. तो ह्यात कुठून यायचा? बेदाण्याला मात्र हेच द्राक्ष मानवते.