मिक्सरला घाबरणारं मूल

जावळ काढताना मूल रडतंच. पण एखादं नुसता कंगवा लागला तरी किंचाळतं, मिक्सर सुरू झाला की कान झाकून दाराआड पळतं, भात हाताला चिकटला की ओकाऱ्या काढतं. आणि ऐकून घ्यावं लागतं आईला. "लाडावून ठेवलंय," नाहीतर "नजर लागलीय." आमच्यातल्या दोघींनी हे सोसलंय, म्हणून आम्ही या गोष्टीचं मूळ शोधायला बसलो.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांवर निबंध लिहिला. अशी मुलं अंडी फेटायच्या यंत्राला, वाहत्या पाण्याला, कधी वाऱ्यालासुद्धा घाबरतात, हे त्यांनी बारकाईनं टिपलं. दोष जन्मजात असावा असं म्हणतानाच, बहुतेकांचे आईबाप मायेला कोरडे आहेत, असंही लिहून ठेवलं. लोकांनी तेवढंच उचललं! पुढे कित्येक वर्षं तिकडच्या आयांनी तो ठपका वागवला. आळीतल्या बायका बोलतात तेच, फक्त इंग्रजीत.

वेगळा विचार मांडला तो कॅलिफोर्नियाच्या जीन एअर्स यांनी. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकातलं म्हणणं आम्हाला समजलं ते असं: डोळे, कान, त्वचा यांच्याबरोबर कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव आणि सांधे-स्नायूही मेंदूला सतत खबर देत असतात. त्या खबरींची जुळणी नीट झाली नाही, तर कुणाला हलका स्पर्शही टोचतो, कुणाचं गरगर फिरूनही समाधान होत नाही. त्यांचा उपचार म्हणजे झोके, लोळणं, लोंबकळणं, जड वस्तू ढकलणं, तेही मुलाच्या कलानं. आजीच्या झोपाळ्याची आठवण आम्हाला झालीच.

सगळ्या डॉक्टरांना हे पटलं असं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, हा स्वतंत्र आजार म्हणून लिहू नका. २०१३ पासून तिथल्या मनोविकारांच्या निदानपुस्तकात हे स्वमग्नतेच्या लक्षणांत आलं. पण मिक्सरला घाबरणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं, बरं का.

जीन एअर्स यांची ही विद्या आपल्याकडे परकी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी १९५० सालीच तिचं विद्यालय काढलं होतं.

खाणं, झोप, खेळ अडत असेल, बोलणं लांबत असेल, तर आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा वजन-उंचीबरोबर जावळाचं आणि मिक्सरचंही त्यांना सांगा.